हसलात ना?

परवा सावर्ड्याला एसटीतून उतरले, चहाला म्हणून नाक्यावरच्या हॉटेलात टेकले, तर समोरच्या टीव्हीवर माझे वडील मरत होते. हॉटेलात कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. एक जण मिसळीत पाव बुडवत होता, गल्ल्यावरचा माणूस फोनवर कुणाशी तरी गॅस सिलिंडरवरून भांडत होता, आणि वर भिंतीवर अण्णा खाटेवर पडून नायकाचा हात घट्ट धरून म्हणत होते, "आईला सांभाळ." मग खोकल्याची उबळ, मग उशीवर कलंडलेली मान. नायक ओरडला, बाहेर वीज चमकली. मी कप हातात तसाच धरून बसले. अण्णांची मान कलंडली की मी थोडा वेळ थांबते, अजून, या वयातही. पण टीव्हीला कुठला धीर! लगेच साबणाची जाहिरात लागली. चहा निवला होता, तो तसाच प्यायले आणि बाहेर येऊन पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.

वडील सिनेमात होते म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे निरखून बघतात आणि मग नाव विचारतात. नाव सांगून काही उपयोग होत नाही. फोनवर चेहरा दाखवला की मात्र म्हणतात, "अरे, हे होय! यांना तर किती पिक्चरांत बघितलंय." अण्णा पोस्टमन झाले, हवालदार झाले, देवळातले गुरव झाले, टांगेवाले झाले, जमीनदाराचे दिवाणजी झाले. पण त्यांचं खरं काम मरण्याचं. नायकाचा बाप सुरुवातीलाच मेल्याशिवाय तेव्हा गोष्ट पुढे सरकत नसे, आणि बाप मारायचा ठरला की मुंबईहून अण्णांना तार यायची. मराठीत मेले, हिंदीत मेले, भाषा येत नसताना गुजरातीतही मेले. क्षयानं मेले, साप चावून मेले, लेकीच्या वरातीत छातीला हात लावून मेले. पडद्यावरच्या पाटीवर त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी, लोक खुर्च्या सरकवत असताना यायचं आणि वाचता वाचता जायचं. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. शिमग्यातल्या खेळ्यांमध्ये लुगडं नेसून नाचण्यापासून सुरुवात केलेला माणूस तो. म्हणायचे, "नायक काय गो, कोणपण होतो. मढं व्हायला माणूस लागतो."

आमचं घर भाट्याच्या खाडीच्या अलीकडे, चिऱ्याचं, पुढे पडवी आणि पडवीत भिंतीला लागून फणसाच्या लाकडाचं एक लांब बाकडं. त्या बाकड्यावर अण्णा मरण्याचा सराव करत. जेवण झालं, हातावर पाणी पडलं, की आडवे व्हायचे. झोपलेला माणूस आणि मेलेला माणूस यांत फार फरक असतो, हे मी शाळेत जाण्याच्या आधीपासून जाणते. झोपलेल्याचे हात कुठेतरी आपल्याला सांभाळून असतात, मेलेल्याचे नुसते ठेवलेले असतात. श्वास अण्णा म्हणे पाठीत घ्यायचे, म्हणजे छाती हलत नाही. आम्ही भावंडं कोंबडीचं पीस आणून त्यांच्या नाकाखाली फिरवायचो, कानात कुर्र करायचो, माझ्या धाकट्या भावानं तर एकदा मुंगळा सोडला. अण्णा हलले नाहीत. माशी ओठावर येऊन बसली, तिनं पाय चोळले, नाकपुडीपर्यंत फिरून आली, तरी पापणीला कंप नाही. ही त्यांची मोठी ऐट होती. सरावाला आमच्या घरात 'काम चाललंय' म्हणत. बाहेरून कुणी आलं तर आई ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "श्श. काम चाललंय." आलेला माणूस बाकड्याकडे बघायचा, घाबरायचा, मग हसायचा आणि चपला हातात घेऊन आत यायचा.

अण्णांची थोरली बहीण, आमची माईआते, विधवा होऊन आमच्याकडेच राहायला आलेली. तिला हे काम मुळीच खपत नसे. पाट्यावर वाटण वाटत ती पडवीकडे बघायची आणि पुटपुटायची, "जित्या माणसानं कशाला रोज रोज त्याला वाट दाखवायची? म्हातारी मेल्याचं दुःख नाय, काळ सोकावतो."  आतेनं असं काही म्हटलं की त्या दिवशी आईचं माशाचं तिखलं जास्त तिखट व्हायचं, आणि आम्ही मुलं सूं सूं करत बांगडा खायचो.

आई भित्री नव्हती. विहिरीवर फुरसं निघालं तर काठीनं उचलून बांधापलीकडे टाकणारी बाई. पण अण्णांच्या धंद्याच्या बाबतीत तिचं सगळं एका गोष्टीवर टांगलेलं होतं. सिनेमावाल्यांची एक रीत आहे. मेल्याचा शॉट संपला की कॅमेरा लगेच बंद करत नाहीत. मेलेल्या नटानं डोळे उघडायचे, उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तेवढी फिल्म पुढे कापून फेकून देतात, पण हसू घेतल्याशिवाय नटाला जागेवरून हलू देत नाहीत. मरण फिल्मवर उतरलं तर त्याच्या पाठोपाठ हसूही उतरलं पाहिजे, नाहीतर ते मरण उघडं राहतं, असा त्यांचा समज. अण्णांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे आईला सांगितलं, बहुधा तिची भीती जावी म्हणून. भीती गेली नाही, पण तिला धरायला काहीतरी मिळालं. अण्णा मुंबईहून रात्रीच्या एसटीनं निघून उजाडता उजाडता घरी येत. पायांवर पाणी घेण्याच्या आधी, पिशवी खाली ठेवण्याच्या आधी आई दारात उभी राहून विचारायची, "हसलात ना?" अण्णा म्हणायचे, "हसलो." मग ती बाजूला व्हायची, आणि आतून घावण्यांचा चुर्र आवाज यायचा. आम्ही त्या प्रश्नोत्तरांनी जागे व्हायचो. अजूनही पहाटे जाग आली तर पहिल्यांदा मला ते दोन शब्द ऐकू येतात, मग कावळे.

ते हसू आम्ही कधी बघितलं नाही. आमच्या वाट्याला आलं ते नुसतं मरण. गावात सिनेमा लागला की आम्ही आतेला चोरून जायचो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोरी विचारायच्या, "काल तुझा बाप मेला ना गो?" त्यांना काही वावगं वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही चारचौघींत मान मिळायचा. पण थिएटरात अंधारात मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसायची. अण्णा घरी बाकड्यावर आहेत, संध्याकाळी गवार निवडत बसणार आहेत, हे पक्कं ठाऊक असून पडद्यावरची त्यांची मान कलंडली की खेळ कधी एकदा संपतो असं मला व्हायचं. घरी धावत यायचे आणि त्यांच्या पाठीला हात लावून बघायचे. त्यांना कळायचं. म्हणायचे, "कशानं मेलो आज?"

असं विचारणारं आणखी एक माणूस होतं. मिरकरवाड्यावरची जैनबी, आमची मासळीवाली. तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातनं एकदा उगवणारा. आईचं आणि तिचं त्यावरून जमायचं. दोघींचे नवरे परगावी, दोघींना रोजची धाकधूक. जैनबी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊनच आवाज द्यायची, "काय गो वैनी, दादा परत मेले म्हणे! या टायमाला कशानं?" आई म्हणायची, "विष दिलं वाटतं भावानं," किंवा "तापानं," आणि दोघी खो खो हसत सुटायच्या. पाटीतली एक कोलंबी मग जास्त पडायची. अण्णा कितव्यांदा मेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण कशाकशानं मेले हे जैनबीला तोंडपाठ होतं.

आमच्या घरात अण्णांचा फोटो लावायची सोय नव्हती. भिंतीवर फोटो म्हटलं की आईला त्याला हारच दिसायचा. सिनेमांत अण्णांचे हार घातलेले फोटो इतक्या दिवाणखान्यांत लागले होते. पुढे जेव्हा फोटोची गरज पडली तेव्हा अख्ख्या घरात एकच सापडला, कुठल्यातरी निर्मात्यानं आठवण म्हणून दिलेला, आणि त्यात चंदनाचा हार आधीच होता. माझा भाऊ तो हातात घेऊन हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला. पण ते पुढचं.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमाराला एक सिनेमा आमच्याच गावात आला. भाट्याच्या किनाऱ्यावर मुंबईची माणसं, तंबू, कॅमेरा, चांदीच्या कागदाचे ते मोठे फळे. अण्णांना त्यात वादळात बुडालेल्या म्हाताऱ्या कोळ्याचं काम होतं. किनाऱ्याला लागलेलं प्रेत आणि त्यावर पडून रडणारा मुलगा. अण्णांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. जन्मभर परक्या गावात मेलेला माणूस, आता आपल्या माणसांसमोर मरणार होता. सगळं गाव लोटलं. आईनं शूटिंग कधी बघितलेलं नव्हतं. ती नेसायचं चांगलं लुगडं नेसली, एका डब्यात सांदणं घेतली, कोरडा पंचा घेतला आणि माझ्याबरोबर सुरूच्या झाडांखाली येऊन उभी राहिली. अण्णांना ओल्या वाळूत उताणं निजवलं होतं, केसांत शेवाळ लावलं होतं. लाट यायची, त्यांचा हात थोडा उचलायची आणि सोडून द्यायची. कॅमेरा चालू झाला की किरकिर असा बारीक आवाज यायचा, शिवणाच्या मशीनसारखा. आई बघत कमी होती आणि ऐकत जास्त. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. कधी नायक चुकायचा, कधी लाट उशिरा यायची. सूर्य कलला, भरती वर सरकली. शेवटचा शॉट चांगला झाला. नायक रडला, मागे समुद्र लाल झाला होता, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि कॅमेऱ्याजवळून एक मुलगा ओरडला, "रीळ संपलं!"

दिग्दर्शक घाईत होता. "हसू उद्या घेऊ, अण्णा," म्हणाला आणि तंबूकडे चालायला लागला. पाणी अण्णांच्या कमरेपर्यंत आलं होतं. ते उठले नाहीत. डोळे मिटूनच त्यांनी काहीतरी म्हटलं. कॅमेरावाला म्हातारा होता, अण्णांचा जुना ओळखीचा. तो परत फिरला आणि त्यानं रिकाम्या कॅमेऱ्याला डोळा लावला. मग अण्णांनी डोळे उघडले, उठून बसले, आणि हसले. शेवाळातून, खाऱ्या पाण्यातून, सगळ्या गावाकडे बघून असे काही हसले की बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले. आयुष्यात पहिल्यांदा ते हसू मी बघत होते, मला भरून आलं होतं. "आये, बघितलंस?" म्हणून मी वळले, तर आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती म्हणाली, "मशीन बोललं नाय."

घरी आलो. अण्णा आंघोळ करून आले, पाटावर बसले. आईनं ताट वाढलं, कुळथाचं पिठलं आणि भाकरी, आणि समोर बसून राहिली. अण्णांनी मुद्दाम विषय काढला.

"बघितलंस ना डोळ्यांनी? आता तरी पटलं? हसलो की."

"आत फिल्म नव्हती."

"फिल्म नसली म्हणून काय झालं? मी तर हसलो ना गो."

"तुमचं मरण आत गेलं," आई म्हणाली. "हसू बाहेर राह्यलं."

आतेनं आतून "रामा रामा" म्हटलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्याहारी न करता किनाऱ्यावर गेले, पण तंबू उतरवायला सुरुवात झाली होती. नायकाला मुंबईत दुसरीकडे हजर व्हायचं होतं. कोण कुणासाठी मढ्याचं हसू घ्यायला थांबतो? त्यानंतर अण्णा मुंबईला दोन-चार खेपा करून आले. आई दारात विचारायची, "हसलात ना?" "हसलो." पूर्वी इथे ती बाजूला व्हायची. आता ती आणखी विचारायची, "आणि ते?"  अण्णांनी विनोद करून पाहिला, चिडून पाहिलं. एकदा चांगलेच तापले, "ते काम संपलं! तो कोळी मेला, त्याचं जाळं कुणीतरी नेलं, आता त्याला हसवू कुठून?" आई म्हणाली, "म्हणूनच विचारत्ये." तिला वेड लागलं होतं असं कुणी म्हणू नये. ती घर चालवत होती, आमच्या वेण्या घालत होती, आंब्याच्या पेट्या भरून घेत होती. फक्त तिच्या मनाचं एक दार वाऱ्यानं आपटत होतं आणि ते लावून घ्यायला अण्णांकडे कडी नव्हती.

तो सिनेमा गावात लागला तेव्हा रांगा लागल्या. आई गेली नाही. अण्णाही नाही गेले. त्या रात्री जेवताना त्यांनी तोडगा काढला, अगदी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा. म्हणाले, "हे बघ, एक हसू बाकी राहिलंय ना? मी ते फेडतो. यापुढे घरात जरी मेलो, बाकड्यावर, तरी हसल्याशिवाय उठायचा नाय. तू समोर उभी राहा आणि सांग, 'पुरे झालं, हसा आता.' तू सांगितलंस की हसलोच. झालं?" आईनं त्यांच्या भातावर तूप वाढलं. आमच्या घरात करार असेच होत.

आणि खरंच, घर सुधारलं. दुपारी काम चालायचं, तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी आई पदराला हात पुसत पडवीत यायची आणि म्हणायची, "पुरे झालं, हसा आता." अण्णा आधी एक डोळा उघडायचे. मग दुसरा. मग ते भाट्याच्या वाळूवरचं हसू. आईला दिवसाकाठी आपल्या हक्काचं एक हसू मिळायला लागलं, आणि ती त्यावर पोसल्यासारखी दिसायला लागली. आतेसुद्धा दारापर्यंत यायची बघायला, वर तोंडानं "चालू दे थेरं" म्हणायची. आता विचार केला तर वाटतं, आई-अण्णांचा संसार म्हणजे जे काय असतं ते त्या वर्ष-दोन वर्षांतच झालं. त्याआधी नुसतं येणं-जाणं होतं.

ती मे महिन्यातली दुपार. मी कॉलेजच्या सुट्टीत टायपिंगच्या वर्गाला जायची. परत आले तेव्हा अण्णा बाकड्यावर होते आणि आई खाली जमिनीवर रातांब्यांचा ढीग घेऊन बसली होती. आमसुलांसाठी रातांबे फोडत होती, बिया एका टोपात, सालं सुपात. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. मला बघून तिनं तोंडानंच "काम चाललंय" अशी खूण केली. मी चपला हातात घेऊन आत गेले, माठातलं पाणी प्यायले, आतेनं माझ्यासाठी झाकून ठेवलेला भात आणि फणसाची भाजी वाढून घेतली आणि माजघरात जेवत बसले.

पडवीतून आईचा आवाज येत होता. आई अण्णांशी बोलत होती. कामाच्या वेळी ती कधी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलत होती, रातांबा फोडल्याचा टच्‌ आवाज आणि मधेमधे तिचं बोलणं. कौलं चाळायला माणूस मिळत नाही हे सांगून झालं. माझ्यासाठी चिपळूणचं एक स्थळ आलंय, मुलगा पोफळीच्या वीजघरात कामाला आहे, त्याचं सांगून झालं. "बरा आहे, पण फार गप्प आहे म्हणे. तुमच्यासारखा बोलका बघूया की नको? बोलका नवरा म्हणजे पण कटकटच," म्हणाली आणि स्वतःशीच हसली. मग म्हणाली, "माशी बसलीय तुमच्या डोळ्यावर. हलूं नका, हलूं नका. मी बघत्ये किती वेळ ते." आतेनं माझ्याकडे बघून मान हलवली. मग बराच वेळ नुसता टच्‌ टच्‌ आवाज. आणि मग आई वेगळ्याच, खालच्या आवाजात बोलायला लागली.

"तुम्हाला एक सांगू का? रागवायचं नाय. मी गेल्ये होत्ये. तो पिक्चर बघायला. तुम्ही मुंबईत होतात. आतेला सांगितलं, देवळात जात्ये म्हणून. एकटी गेल्ये, दुपारच्या खेळाला. तुम्ही पाण्यात पडला होतात आणि मी इकडे बसून म्हणत्ये, आता येईल, आता येईल. म्हटलं, कापायला विसरले असतील. माणूस विसरतो की नाय? सगळा पिक्चर संपला, लोक गेले, दिवे लागले, तरी मी बसल्ये होत्ये. झाडणारा आला, म्हणाला, बाई, संपला खेळ." तिनं एक रातांबा फोडला. "मला तेव्हा कळलं, मी उगाच तुमचा जीव खाल्ला. त्या बाकी हसण्याचं काय घेऊन बसल्ये मी? रोज तर हसता माझ्यासाठी. ते फिटलं हो. कधीच फिटलं. तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही जागे असलात की मला जमत नाय."

माझा घास हातात राहिला. आतेचे डोळे भरले होते. तिनं ते सुपातल्या तांदळांकडे वळवले. मला वाटलं, अण्णा ऐकताहेत. एवढं ऐकूनही हलले नाहीत, केवढे कसलेले नट! मला त्यांचा अभिमान वाटला.  नंतर डॉक्टर म्हणाले, जेवण झाल्यावर आडवे झाले असतील तेव्हाच गेले असतील. म्हणजे माशी बसली तेव्हा नव्हते. माझ्या स्थळाचं सांगितलं तेव्हाही नव्हते. बाईनं आयुष्यात एकदाच मन मोकळं केलं, तेव्हा समोर कुणी नव्हतं.

ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं. आतेनं निरांजन उजळलं. आईनं रातांब्यांचं सूप बाजूला सारलं, उठून कमरेवर हात ठेवून वाकडी-तिकडी झाली आणि बाकड्यासमोर उभी राहिली. मी हात धुऊन दारात आले होते. मला ते हसू बघायचं होतं. आज तरी ते वेगळं असेल, असं मला वाटत होतं.

"पुरे झालं," आई म्हणाली, "हसा आता."

अण्णांनी डोळा उघडला नाही.

"आज फार ऐट झाली. दिवा लागलाय. हसा." मग थोडी हसून, "बरं, रागावलात का मी पिक्चरला गेल्ये म्हणून? हसा हो." मग ती वाकली आणि लहान मुलाला उठवावं तशी तिनं त्यांच्या गालावर थाप मारली, तिच्या त्या लाल हातानं. हात तिथेच राहिला. तिच्या आधी हाताला कळलं. ती ओरडली नाही. तिनं दुसराही हात त्यांच्या दुसऱ्या गालावर ठेवला आणि ओठांचे कोपरे दोन अंगठ्यांनी वर ओढून धरले, घट्ट, जणू तेवढ्यात कुठेतरी कॅमेरा चालू होता. आतेनं येऊन तिला सोडवलं.

सकाळी अण्णांना आंघोळ घातली. गालांवरची बोटं काही पुरती निघाली नाहीत. रातांब्याचा डाग तो. भाऊ साबण लावायला लागला तर आतेच म्हणाली, "राहू दे, बाबा. रंग लावूनच जायचा तो कामाला."

सुतकाचे दिवस. घरात चूल बेताची, पडवीतलं बाकडं भिंतीला उभं करून ठेवलेलं. जैनबी तेव्हा बुरोंडीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती परत आली त्याच सकाळी पाटी घेऊन निघाली. वाटेत नाक्यावर कुणीतरी तिला म्हणालं असणार, अण्णा मेले. वर्षानुवर्षं ऐकलेली बातमी ती. ती नेहमीसारखी गडग्यापाशी आली आणि तिनं खणखणीत आवाज दिला, "काय गो वैनी, दादा परत मेले म्हणे! या टायमाला कशानं?"

आते ताडकन उठली, तिला काय बोलू न् काय नको झालं. आईनं हातानं तिला थांबवलं. आठवडाभर आई कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. ती पडवीच्या पायरीवर आली, खांबाला धरून उभी राहिली, आणि नेहमी जैनबीला द्यायची तशाच आवाजात तिनं उत्तर दिलं.

"या टायमाला हसले नाय गो."

जैनबीनं डोक्यावरची पाटी हळूच खाली ठेवली.